कासवाच्या पाठीवरचे जग: टेरी प्रॅचेट यांचे आयुष्य आणि लेखन

जगाचा भार कासवाने पेलला आहे, ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. देवळाच्या सभामंडपात फरशीत कोरलेल्या कासवाला हात लावूनच आपल्यातले अनेक जण गाभाऱ्याकडे वळतात. समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर तोलणारा कूर्म आणि आठ दिशा सांभाळणारे दिग्गज आपल्याला आजीच्या गोष्टींतून भेटलेले असतात. या कल्पना प्रवाशांच्या आणि धर्मप्रसारकांच्या वर्णनांतून युरोपातही पोचल्या, आणि १७ व्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथात एका भारतीयाचा दाखला देऊन ठेवला, की पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव कशावर म्हणून विचारले तर मात्र उत्तर नाही. पुढे जवळजवळ ३०० वर्षांनी, १९८३ साली, इंग्लंडमधल्या एका वीज मंडळाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने हेच चित्र एका कादंबरीत अक्षरशः खरे मानले. अवकाशात एक अजस्र कासव पोहत आहे, त्याच्या पाठीवर चार हत्ती उभे आहेत, आणि हत्तींच्या खांद्यांवर थाळीसारखे सपाट, गोल जग फिरते आहे. या जगाचे नाव डिस्कवर्ल्ड आणि ते उभे करणारे लेखक टेरी प्रॅचेट.

पुढच्या ३२ वर्षांत प्रॅचेट यांच्या या एकाच जगातल्या ४१ कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या पुस्तकांच्या जगभरात १० कोटींच्या आसपास प्रती खपल्या, आणि १९९० च्या दशकात ते ब्रिटनमधले सर्वाधिक खपाचे लेखक होते. एवढा मोठा पसारा पाहिला की नव्या वाचकाला दोन प्रश्न पडतात. एका माणसाने इतके लिहिले कसे, आणि त्यात शिरायचे कुठून? माझ्या मते या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात: प्रॅचेट हे कल्पनारम्य साहित्याचे लेखक होण्याआधी वार्ताहर होते, आणि लेखणीची ती सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

त्यांचा जन्म २८ एप्रिल १९४८ रोजी बकिंगहॅमशर परगण्यातल्या बीकन्सफील्ड या गावी झाला. वडील मेकॅनिक होते, आई सचिवाचे काम करत असे, आणि टेरी हे त्यांचे एकुलते एक अपत्य. शाळेत ते विशेष चमकले नाहीत. आपले शिक्षण शाळेत झाले नसून गावच्या सार्वजनिक वाचनालयात झाले, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी वाचनाची गोडी लागली, तेव्हापासून शनिवारी वाचनालयात मदतनीस म्हणून काम करायचे आणि घरी जाताना पुस्तकांचा ढीग न्यायचा, असा त्यांचा क्रम होता. कोणी दिशा दाखवत नसल्यामुळे खगोलशास्त्र, इतिहास, दंतकथा, विनोदी मासिके आणि विज्ञानकथा हे सारे एकाच भुकेने वाचले गेले. त्यांच्या कादंबऱ्यांत कोणत्याही पानावर भूगर्भशास्त्राची किंवा मध्ययुगीन गिल्डची, म्हणजे कारागिरांच्या संघाची, एखादी नेमकी माहिती सहजपणे येऊन जाते, तिचे मूळ या बेशिस्त वाचनात आहे. तेरा वर्षांचे असताना त्यांनी लिहिलेली एक कथा शाळेच्या मासिकात आली. ती पुढे १९६३ साली एका व्यावसायिक मासिकाने विकत घेतली, आणि त्या पैशांतून त्यांनी जुना टाइपरायटर घेतला.

१९६५ साली, सतरा वर्षांचे असताना, शाळा अर्धवट सोडून ते 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक साप्ताहिकात शिकाऊ वार्ताहर म्हणून रुजू झाले. कामाच्या पहिल्याच दिवशी काही तासांत आपण पहिल्यांदा मृतदेह पाहिला, असे ते सांगत. स्थानिक वार्ताहराचे काम म्हणजे गावच्या न्यायालयात बसणे, अपमृत्यूच्या चौकशीला हजर राहणे, नगर परिषदेच्या लांबलचक सभा ऐकणे आणि फुलांच्या प्रदर्शनातल्या विजेत्यांची नावे न चुकता छापणे. जिल्हा आवृत्तीत काम केलेल्या कोणाही मराठी पत्रकाराला हे जग ओळखीचे वाटेल. गावाचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो, कोणाच्या सहीवाचून काय अडते आणि माणसे सार्वजनिक ठिकाणी एक व खासगीत दुसरे कसे बोलतात, हे इथे जितके कळते तितके क्वचितच दुसरीकडे कळते. याच वृत्तपत्रात 'अंकल जिम' या नावाने ते लहान मुलांसाठी दर आठवड्याला गोष्टीही लिहीत होते. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या लांबीचा मजकूर द्यायचाच, ही शिस्त तिथे अंगी बाणली.

१९६८ साली त्यांचे लिन यांच्याशी लग्न झाले. त्याच सुमारास एका छोट्या प्रकाशनसंस्थेच्या संचालकाची मुलाखत घ्यायला गेले असताना त्यांनी आपणही एक कादंबरी लिहिली आहे असे सांगितले, आणि त्या संस्थेने, म्हणजे कॉलिन स्माइद यांनी, ती १९७१ साली 'द कार्पेट पीपल' या नावाने प्रसिद्ध केली. गालिच्याच्या धाग्यांमध्ये राहणाऱ्या चिमुकल्या लोकांची ती गोष्ट होती. त्यानंतर १९७६ आणि १९८१ साली दोन विज्ञानकादंबऱ्या आल्या, पण पोट मात्र नोकरीवरच चालत होते. १९८० च्या सुमारास वृत्तपत्र सोडून ते सेंट्रल इलेक्ट्रिसिटी जनरेटिंग बोर्डात जनसंपर्क अधिकारी झाले. त्यांच्या विभागात अणुवीज केंद्रे होती, आणि अमेरिकेतला थ्री माइल आयलंडचा अणुअपघात १९७९ साली नुकताच घडून गेला होता. म्हणजे घाबरलेल्या लोकांना आणि संशयी पत्रकारांना अवघड तांत्रिक गोष्टी समजावून सांगणे, हेच त्यांचे रोजचे काम झाले.

याच काळात, दिवसभर नोकरी करून रात्री घरी आल्यावर, ते रोज ४०० शब्द लिहीत. एका रात्री चालू कादंबरी संपली तेव्हा ठरलेल्या संख्येला साधारण १०० शब्द कमी पडत होते; त्यांनी यंत्रात कोरा कागद घातला आणि पुढच्या कादंबरीचे १०० शब्द लिहून मगच ते उठले. मला हा प्रसंग त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली वाटतो. ४०० शब्द म्हणजे हाताने लिहिलेली जेमतेम दोन पाने, पण वर्षभरात तेच जवळपास दीड लाख शब्द होतात, आणि एवढ्यात दीड कादंबरी सहज मावते. प्रतिभेविषयी आपण पुष्कळ बोलतो. प्रॅचेट यांच्याकडे ती होतीच, पण तिला रोज रात्री खुर्चीवर आणून बसवण्याचे काम वार्ताहराच्या सवयीने केले.

'द कलर ऑफ मॅजिक' ही डिस्कवर्ल्डची पहिली कादंबरी १९८३ साली आली तेव्हा ब्रिटनमध्ये तिच्या पहिल्या आवृत्तीच्या जेमतेम ५०० प्रती होत्या. बीबीसी रेडिओवरच्या 'वूमन्स अवर' या कार्यक्रमात तिचे क्रमशः वाचन झाले, १९८५ साली कागदी बांधणीची स्वस्त आवृत्ती आली, आणि वाचक वाढू लागले. १९८७ साली चौथी कादंबरी पूर्ण केल्यावर त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर अनेक वर्षे ते वर्षाला सरासरी दोन पुस्तके देत राहिले.

आता त्या जगाविषयी. सुरुवातीच्या दोन कादंबऱ्या म्हणजे त्या काळच्या साचेबंद अद्भुतरम्य साहित्याचे, म्हणजे तलवारी, चेटके, ड्रॅगन आणि भाकिते यांचे, विडंबन आहे. त्या मजेदार आहेत, पण ज्याचे विडंबन केले ते साहित्य वाचलेले नसेल तर त्यांतली अर्धी गंमत निसटते. म्हणूनच पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करण्याचा सल्ला मी मराठी वाचकाला देणार नाही. खरा प्रॅचेट तिथून थोडा पुढे, विडंबन मागे टाकून ते वेगळेच प्रश्न विचारू लागतात तेव्हा, भेटतो. राजवाड्यात नायक घुसतो तेव्हा धावत येऊन त्याच्या तलवारीला बळी पडणारे ते पहारेकरी कोण असतात? त्यांना पगार किती मिळतो? त्यांच्या घरी कोण असते? १९८९ ची 'गार्ड्स! गार्ड्स!' ही कादंबरी अशाच नावनिशाणी नसलेल्या पहारेकऱ्यांना अर्पण केली आहे, आणि तिचा नायक सॅम व्हाइम्स हा दारूच्या आहारी गेलेला रात्रपाळीचा पोलीस अधिकारी आहे. पुढच्या सात कादंबऱ्यांत हा माणूस हळूहळू सावरत जातो, आणि कायदा म्हणजे काय, तो कोणासाठी असतो, हे स्वतःलाच विचारत राहतो.

या कादंबऱ्यांचे शहर आहे अंख-मॉरपॉर्क. तिथला शासक व्हेटिनारी याने चोरांचाही रीतसर संघ करून टाकला आहे. वर्षाला किती चोऱ्या व्हायच्या हे ठरलेले आहे, चोरी झालेल्याला पावती मिळते, आणि परवाना नसलेल्या चोराचा बंदोबस्त संघच करतो. ही कल्पना वाचताना हसू येते, पण थोडे थांबून विचार केला की गुन्हेगारी आणि कारभार यांच्यातल्या सोयीस्कर समझोत्याचे इतके स्वच्छ वर्णन गंभीर पुस्तकांतही कमी आढळते. पुढे याच शहरात वृत्तपत्र सुरू होते, बंद पडलेले टपालखाते एका ठकसेनाच्या हाती दिले जाते, कागदी चलन येते, आणि शेवटी आगगाडी धावते. एखादी संस्था शून्यातून कशी उभी राहते आणि लोक तिच्यावर विश्वास का ठेवू लागतात, हा या सगळ्या पुस्तकांचा खरा विषय. नगर परिषदेच्या सभांना बसलेला तो तरुण वार्ताहर इथे ओळखू येतो.

१९९३ च्या 'मेन ॲट आर्म्स' मधला एक परिच्छेद तर अर्थशास्त्राच्या चर्चांतही पोचला आहे. व्हाइम्सचा पगार महिन्याला ३८ डॉलर. चांगल्या चामड्याचे बूट ५० डॉलरला मिळतात आणि ते दहा वर्षे टिकतात. १० डॉलरचे बूट एक-दोन हंगामांत फाटतात. ज्याच्याकडे एकदम ५० डॉलर नाहीत तो दहा वर्षांत १०० डॉलर घालवतो, आणि एवढे करूनही त्याचे पाय ओलेच राहतात. गरीब असणे महाग पडते, ही गोष्ट पावसाळ्यात दोनदा चप्पल घेणाऱ्या किंवा महिन्याचे सामान एकदम न भरता रोज पुडीने साखर आणणाऱ्या घराला वेगळी सांगावी लागत नाही. पण प्रॅचेट यांनी ती आकड्यांत आणि एका थकलेल्या पोलिसाच्या पायांतून अशी मांडली, की २०२२ साली ब्रिटनमध्ये स्वस्त खाद्यपदार्थांच्या वाढत्या किमती मोजण्यासाठी केलेल्या निर्देशांकालाही व्हाइम्सच्याच बुटांचे नाव दिले गेले.

पोलिसांच्या या कथामालेखेरीज आणखी काही धागे आहेत. ग्रॅनी वेदरवॅक्स ही डोंगराळ भागातली चेटकीण जादू करायचे टाळते. बाळंतपणे, आजारपणे, म्हाताऱ्यांची देखभाल हीच ती चेटकिणीची खरी कामे मानते. टिफनी एकिंग या मेंढपाळांच्या मुलीची पाच पुस्तके किशोरवयीनांसाठी आहेत, आणि माझ्या मते ती त्यांच्या सर्वांत प्रौढ पुस्तकांपैकी आहेत. 'स्मॉल गॉड्स' या १९९२ च्या कादंबरीत एक महान देव कासव होऊन पृथ्वीवर अडकतो, कारण प्रचंड देवळे, पुजारी आणि छळछावण्या असूनही त्याच्यावर मनापासून श्रद्धा असलेला भक्त एकच उरलेला असतो. तिथले धर्मपीठ जग गोल आहे असे सांगते, आणि ते सपाट असून कासवावर आहे म्हणणाऱ्यांना पाखंडी ठरवते. गॅलिलिओची कथा उलटी करून प्रॅचेट यांनी श्रद्धा आणि धर्मसंस्था यांतला फरक इतका स्पष्ट दाखवला आहे, की मी नव्या वाचकाला बहुधा हेच पुस्तक आधी सुचवतो. ते स्वतंत्र आहे, मागचे-पुढचे काही वाचलेले लागत नाही.

मृत्यू हे डिस्कवर्ल्डमधले एक पात्र आहे. युरोपीय चित्रांतला तोच कोयताधारी सांगाडा, पण प्रॅचेट यांचा मृत्यू कर्तव्यदक्ष, एकाकी आणि माणसांविषयी कुतूहल असलेला आहे. त्याला मांजरे आवडतात, त्याच्याकडे प्रत्येक आयुष्याचे वाळूचे घड्याळ आहे, आणि तो कोणाला मारत नाही; वेळ झाली की फक्त न्यायला येतो. यमाच्या रेड्याची आणि चित्रगुप्ताच्या वह्यांची सवय असलेल्या आपल्या मनाला हा हिशेबी देवदूत लवकर जवळचा वाटतो. इंग्रजीत त्याचे सारे संवाद लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत छापलेले असतात आणि त्यांना अवतरणचिन्हे नसतात, त्यामुळे पानावर नजर पडताच कोण आले आहे ते कळते. देवनागरीत लहान आणि मोठी लिपी असा भेदच नसल्यामुळे मराठी अनुवादकाला इथे वेगळी वाट शोधावी लागेल. ठळक अक्षरे चालतील, पण मला वाटते भाषेतूनच, म्हणजे जुन्या शासकीय मराठीच्या घोटीव वाक्यांतून, तो आवाज अधिक चांगला उमटेल. तळटीपा ही त्यांची दुसरी खूण, आणि प्रकरणे न पाडता सलग लिहिणे ही तिसरी.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. 'द अमेझिंग मॉरिस अँड हिज एज्युकेटेड रोडन्ट्स' या पुस्तकाला बालसाहित्याचे प्रतिष्ठेचे कार्नेगी पदक मिळाले, १९९८ साली ओबीई हा ब्रिटिश सन्मान आणि २००९ साली नाइटहूड, म्हणजे 'सर' ही पदवी. सर झाल्यावर त्यांनी घराजवळच्या शेतातले लोहखनिज गोळा केले, अंगणात भट्टी लावून वितळवले, त्यात उल्केचे तुकडे घातले, आणि स्वतःची तलवार घडवून घेतली.

पण त्याआधीच, डिसेंबर २००७ मध्ये, त्यांनी जाहीर केले होते की आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाला आहे. त्याचे नाव पोस्टीरिअर कॉर्टिकल ॲट्रफी. अल्झायमर म्हटले की आपण विसराळूपणा डोळ्यांपुढे आणतो. या प्रकारात मात्र मेंदूच्या मागच्या बाजूचा, डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावणारा भाग आधी झिजतो. डोळे ठीक असतात, पण समोरची वस्तू दिसूनही सापडत नाही. शर्टाची बाही, दाराची कडी, कीबोर्डवरचे अक्षर हरवते. स्मरणशक्ती आणि भाषा मात्र बराच काळ शाबूत राहतात. त्यामुळे प्रॅचेट भाषण करू शकत होते, कथा रचू शकत होते, पण टंकलेखन करू शकत नव्हते. त्यांनी सहायक रॉब विल्किन्स यांना मजकूर सांगायला सुरुवात केली आणि आवाज ओळखणारे सॉफ्टवेअर वापरले. निदानानंतरच्या सात-आठ वर्षांत त्यांनी या पद्धतीने अनेक कादंबऱ्या पूर्ण केल्या. शेवटच्या पुस्तकांची वाक्ये आधीच्याइतकी आखीव नाहीत, संवाद लांबले आहेत, आणि हे लक्षपूर्वक वाचणाऱ्याला जाणवते. तरीही 'आय शॅल वेअर मिडनाइट' सारखे पुस्तक याच काळातले आहे.

आजाराविषयी लपवाछपवी त्यांनी केली नाही. मार्च २००८ मध्ये त्यांनी अल्झायमरच्या संशोधनासाठी १० लाख डॉलर दिले, आणि या रोगाच्या संशोधनावर किती तुटपुंजा खर्च होतो हे जाहीरपणे मांडले. २०१० च्या रिचर्ड डिम्बलबी व्याख्यानात त्यांनी असाध्य रोग्याला आपल्या मृत्यूची वेळ वैद्यकीय मदतीने निवडता यावी, आणि त्यासाठी प्रत्येक प्रकरण तपासणारे न्यायमंडळ असावे, असे मत मांडले. वाचन अवघड झाल्यामुळे व्याख्यानाचा मोठा भाग अभिनेते टोनी रॉबिन्सन यांनी वाचला. २०११ च्या 'चूझिंग टू डाय' या बीबीसी माहितीपटासाठी ते स्वित्झर्लंडला गेले आणि असा मृत्यू निवडलेल्या एका माणसाच्या शेवटच्या क्षणी तिथे बसून राहिले. स्वतः प्रॅचेट यांचा मृत्यू मात्र १२ मार्च २०१५ रोजी विल्टशरमधल्या घरी आजारामुळे नैसर्गिकरीत्या झाला. वय ६६ होते. घरचे जवळ होते आणि त्यांचे मांजर अंथरुणावर झोपले होते. त्यांच्या ट्विटर खात्यावरून ही बातमी आली ती मृत्यूच्या त्याच कॅपिटल अक्षरांत.

'गोइंग पोस्टल' या कादंबरीत मनोऱ्यांवरून प्रकाशखुणांनी संदेश पाठवणारी यंत्रणा आहे. तिथे काम करताना मेलेल्या माणसांची नावे ते लोक सतत मनोऱ्यांवरून फिरवत ठेवतात. संदेशाआधी तीन अक्षरांची खूण असते, तिचा अर्थ असा की पुढे पाठवा, नोंद करू नका, आणि शेवटच्या मनोऱ्यावरून परत फिरवा. नाव फिरत आहे तोवर माणूस गेलेला नाही, अशी त्यांची समजूत. प्रॅचेट गेल्यावर जगभरच्या प्रोग्रामरांनी आपापल्या संकेतस्थळांच्या अदृश्य भागात तीच खूण त्यांच्या नावापुढे घातली, आणि संगणकांच्या आपसांतल्या संवादात ते नाव आजही फिरते आहे.

शेवटची कादंबरी, टिफनीची 'द शेपर्ड्स क्राउन', ऑगस्ट २०१५ मध्ये आली. अपूर्ण राहिलेले काही छापायचे नाही आणि आपली हार्ड डिस्क रोलरखाली चिरडून टाकायची, असे त्यांनी सांगून ठेवले होते. २५ ऑगस्ट २०१७ रोजी डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत विल्किन्स यांनी ती जमिनीवर ठेवली, आणि 'लॉर्ड जेरिको' नावाचा साडेसहा टनांचा जुना रोलर तिच्यावरून अनेकदा फिरवण्यात आला. एवढ्यानेही ती पुरती मोडली नाही, म्हणून शेवटी दगड फोडायच्या यंत्रात घालावी लागली. उरलेले तुकडे त्याच वर्षी सॉल्सबरीच्या संग्रहालयातल्या प्रदर्शनात लोकांना पाहायला ठेवले होते.